चौकटीच्या कडेला

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढणे हा आपल्याकडे सणाचाच एक भाग आहे. या झाडलोटीत केर किती निघतो याला फारसे महत्त्व नसते. जुनी वस्तू हातात घेऊन ‘ही टाकायची की ठेवायची?’ असा वाद घालण्यात अर्धा दिवस जातो आणि बहुतेक वस्तू जिथून निघाल्या तिथेच परत जाऊन बसतात. बोदवडच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्याबाबतीत हा खेळ आम्ही वर्षानुवर्षे खेळत आलो होतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीने तो मोडला. तिने ट्रंक खाली उतरवायला लावली, वरची जुनी पंचांगे, मोडका अडकित्ता आणि कुणाच्या तरी बारशाचे आंगडे-टोपडे बाजूला केले आणि तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या सात व्हिडिओ कॅसेट बाहेर काढल्या.

“मामा, आईचं लग्न यातच आहे ना? मला ते पाहायचंय.”

भाची पुण्याला संगणकाचे काम करते. जी गोष्ट फोनवर दिसत नाही ती तिच्या लेखी जवळजवळ नसल्यातच जमा. तेव्हा या कॅसेटमधले सारे संगणकावर उतरवून घ्यायचे आणि ते काम घरी रिकामा बसलेला मामा करील, असे तिने परस्पर ठरवून टाकले. मीही हो म्हणालो. एका साध्या घरगुती कामाला आपण हात घालत आहोत, अशी माझी समजूत होती. त्या कामातून माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहील आणि तो सोडवायला मला एका म्हाताऱ्या बाईच्या पायाशी जाऊन बसावे लागेल, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिली अडचण अशी की कॅसेट होत्या, पण त्या चालवायचे यंत्र घरात नव्हते, गल्लीत नव्हते आणि गावातही सापडेना. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना याचे नवल वाटेल. हे व्हीएचएस नावाचे प्रकरण १९७६ मध्ये जपानात निघाले. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हीसीआर. आमच्याकडे तो आधी कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरांत शिरला. मग भाड्याने मिळू लागला. एका रात्रीसाठी यंत्र आणि तीन सिनेमे आणायचे, ओट्यावर पोती अंथरायची आणि आळीतल्या सगळ्यांनी उजाडेपर्यंत जागायचे, हा उन्हाळ्याच्या सुट्टीतला सोहळा असे. पुढे लग्नात ‘शूटिंग’ नसले तर वरपक्ष नाराज होऊ लागला. आणि तेच यंत्र जगातून असे उठले की, अखेरपर्यंत ते बनवीत राहिलेल्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये आपले काम थांबविले. चाळीस वर्षांत एक वस्तू जन्मली, घराघरांत गेली आणि निघूनही गेली. आमच्या घरातला पाटा आजीच्या सासूच्या वेळचा आहे आणि अजून चटणी वाटतो!

शेवटी भुसावळला एक गृहस्थ भेटले. रेडिओपासून फोनपर्यंत सगळे दुरुस्त करून झाल्यावर आता ते दुकानात बहुधा सवयीनेच बसतात. त्यांच्याकडे एक चालता व्हीसीआर होता. तो त्यांनी मला महिनाभर वापरायला दिला आणि चार गोष्टी शिकवल्या. कॅसेटच्या खिडकीतून आधी आत बघा. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी समजा आणि ती कॅसेट यंत्रात घालू नका. इतकी वर्षे गुंडाळून पडलेली फीत एकदम दाखवायला लावू नका. आधी शेवटापर्यंत नेऊन परत आणा, म्हणजे तिचा ताण मोकळा होतो. मागच्या बाजूला पिवळी, पांढरी आणि तांबडी अशा तीन वायरी जोडा; पिवळीतून चित्र जाते, उरलेल्या दोघींतून आवाज. या वायरी एका छोट्या डबीत जातात आणि डबी संगणकाला लागते. मी विचारले, “तीन तासांची कॅसेट उतरवायला किती वेळ लागेल?” ते हसले. “तीन तास. यात घाई नाही भाऊ. ती जशी भरली तशीच रिकामी होणार. आणि समोर बसून राहा. फीत अडकली तर लगेच थांबवता आली पाहिजे.”

मला हे उत्तर फार आवडले. सगळे झटपट उरकण्याच्या या दिवसांत एखादी गोष्ट स्वतःच्याच गतीने चालण्याचा हट्ट धरते, याचे मला समाधान वाटले. या फितीची घडणही मोठी गमतीची आहे. अर्धा इंच रुंदीची, तीन तासांसाठी अडीचशे मीटरांहून लांब अशी ही प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा बारीक थर चिकटवलेला असतो. लोहाचे ऑक्साइड म्हणजे आपल्या भाषेत गंजाचेच भावंड. यंत्रातला एक चकचकीत ढोल सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि दर फेरीला त्या गंजातून एक चित्र वाचून घेतो. ट्रंकेला बाहेरून चढलेला गंज आम्ही दर दिवाळीला खरवडून काढीत होतो आणि आतल्या गंजावर आमच्या घरातली मेलेली माणसे हसत होती!

हा थर कायमचा नसतो. त्याला धरून ठेवणारा डिंक वर्षागणिक सैल होतो. कोकणातल्या घरांत दमटपणा त्याला खातो, आमच्याकडे पंचेचाळीस अंशांचे ऊन. २०१९ मध्ये युनेस्कोने जगभरच्या संग्रहालयांना सावध केले होते की, चुंबकीय फिती आणि त्या चालवणारी यंत्रे या दोहोंचेही दिवस भरत आले आहेत. उतरवून घ्यायचे असेल ते लवकर घ्या. जगातल्या मोठमोठ्या संस्थांना जी चिंता, तीच बोदवडच्या माळ्यावरच्या ट्रंकेला होती. फक्त ट्रंकेला ते कुणी कळविले नव्हते.

पहिल्या कॅसेटवर चुलतभावाचा साखरपुडा होता, म्हणजे असायला हवा होता. पाच मिनिटे पाहुण्यांचे स्वागत झाले आणि एकाएकी शंख वाजून दूरदर्शनचे ‘महाभारत’ सुरू झाले. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती मोडून टाकली की कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. आमच्याकडे ती मोडायचे कुणाच्या ध्यानात आले नाही आणि एका रविवारी घरातल्या कुणी उत्साही माणसाने साखरपुड्यावर कौरव-पांडव बसवून टाकले. भाऊ-वहिनींना हे फोनवर सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “बरंच झालं. त्या दिवशी माझा चेहरा फार सुजला होता.”

तिसऱ्या कॅसेटवर बहिणीचे लग्न होते. १९८९ चा मे महिना; आखाजी नुकतीच होऊन गेली होती. पहिल्या चित्रातच पाण्याचा टँकर दिसला. बोदवडचे लग्न आणि टँकर नाही असे होत नसे. पाणी हा आमच्या गावाचा जुना घोर. मग मांडव, मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्या, अंगणातले कडुनिंब. ते झाड पुढे रस्तारुंदीत गेले. चित्रे घेणाऱ्याला झाडाशी काही कर्तव्य नव्हते. त्याला व्याह्यांची भेट टिपायची होती. पण व्याह्यांपेक्षा मला झाडच जास्त दिसले. अशा फितींचा हा एक चमत्कार आहे. जे मुद्दाम टिपले ते पाहून कंटाळा येतो आणि जे नकळत कडेला राहून गेले त्याने डोळे भरून येतात. पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी वाढणारे माझे वडील, दारात चपला राखीत बसलेला एक पोर, भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ. घड्याळ तेव्हाही बंदच होते, हे पाहून मला उगाच बरे वाटले.

रुखवतावर कॅमेरा तब्बल अकरा मिनिटे फिरला होता. कुरडया, पापड, शेवया, मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल, साखरेचे तुळशीवृंदावन. हे सारे माझ्या आत्याच्या हातचे. आत्या तिशीतच विधवा होऊन माहेरी आली आणि आम्हा भावंडांना तिने वाढविले. बहिणीच्या लग्नाआधी दोन महिने ती रात्री बारापर्यंत जागत होती. त्या अकरा मिनिटांत तिने केलेली प्रत्येक वस्तू होती. ती स्वतः कुठेच नव्हती. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. त्या काळी मंगलकार्यात विधवा बाई स्वयंपाकघरात असायची, मांडवात नसायची. आम्ही शिकलेली मुले या रूढीवर चिडत असू, एवढेच.

आणि मग हळदीचा प्रसंग आला. बहीण पाटावर बसली आहे, सवाष्णी हळद लावताहेत, हसणे-खिदळणे चालले आहे. हळद कमी पडते. तेवढ्यात उजवीकडून आत्या येते. हातात पितळी वाटी, फिकट निळे लुगडे, कपाळ रिकामे. ती दोन पावले पुढे येते, बहिणीकडे पाहून हसते. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक आवाज येतो: “आत्या, तू नको येऊ पुढं. वाटी इकडं दे.” एक हात चौकटीत शिरतो आणि वाटी घेतो. आत्या पदराला हात पुसते आणि चौकटीच्या कडेने बाहेर जाते. सगळे मिळून चार सेकंद.

मी फीत मागे नेली. पुन्हा पाहिले. पुन्हा मागे नेली. त्या हातावर एचएमटीचे घड्याळ होते. ते माझ्या पहिल्या पगाराचे घड्याळ होते. आवाजही माझाच होता.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा प्रसंग मी विसरलो नव्हतो. उलट तो मला चांगला आठवत होता आणि मी तो कित्येकदा सांगितलाही होता. माझ्या आठवणीत आत्याला मागे सारणारे आमचे थोरले काका होते. ते जुन्या वळणाचे, तापट. असे बोलणे त्यांच्या तोंडी शोभण्यासारखे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य शासनानेही इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे सुचविले. तेव्हा आमच्या गावातल्या एका छोट्या सभेत मी बोलायला उभा राहिलो होतो. त्या भाषणात काकांची आणि हळदीच्या वाटीची गोष्ट मी सांगितली. लोक हळहळले. एका बाईंनी डोळे पुसले. काका त्यापूर्वीच वारले होते. ‘मी असे म्हणालो नाही’ हे सांगायला ते येऊ शकत नव्हते.

मी खोटे बोललो का? या प्रश्नाशी मी बरेच दिवस झटलो. जाणूनबुजून बोललो नाही, हे नक्की. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये स्मृतीवर एक ग्रंथ लिहिला. माणूस आठवण फडताळातून जशीच्या तशी काढीत नाही, तो ती दर वेळी नव्याने रचतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे मन ही पट्टी न मोडलेली कॅसेट आहे. दर वेळी चालवताना आपण तिच्यावर थोडे थोडे नवे भरीत जातो. पण या शास्त्राने माझे समाधान झाले नाही. कारण मन नवे भरते ते कोणत्या बाजूने? माझ्या आठवणीत बदल झाला तो मला सोयीचाच का झाला? मी केलेला अपमान काकांच्या नावावर गेला. काकांचे एखादे पुण्य माझ्या नावावर आले असेल तर तेही मला ठाऊक नाही. चूक ही आंधळी असते म्हणतात. माझी चूक चांगली डोळस होती.

आता खरा प्रश्न पुढे होता. ही फीत भाची पाहणार, बहीण पाहणार, नातवंडे पाहणार. ते चार सेकंद ठेवायचे की काढायचे? काढणे अगदी सोपे होते. जुन्या काळी फितीला कात्री लावली तर सांधा दिसत असे. संगणकावर दोन खुणा करायच्या, एक कळ दाबायची. मागे सांधाही उरत नाही. आणि कुणाला कळणार होते? तीन तास त्या फितीसमोर मी एकटा बसलो होतो.

मनाने वकिली सुरू केली. मन फार हुशार वकील असते. ते अशिलाचे नाव कधी पुढे करीत नाही. त्याने माझा बचाव मांडलाच नाही, आत्याचा मांडला. म्हणाले, त्या बाईला आता या वयात हा अपमान पुन्हा का दाखवायचा? म्हणाले, लग्न हा आनंदाचा प्रसंग. नातवंडांनी त्यातले विष का प्यावे? म्हणाले, विसरणे हीसुद्धा दया असते. प्रत्येक मुद्दा खरा होता. म्हणूनच मला संशय आला. आपल्याच फायद्याचे इतके सगळे मुद्दे एकदम खरे ठरू लागले की थांबावे, असे मला वाटते.

या अडचणीत मला पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या पंडितांची आठवण झाली. आमच्या साखरपुड्यावर महाभारत आले म्हणूनही असेल! तिथे महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार झाली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्या कामाला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. देशभरातून बाराशेंहून अधिक हस्तलिखिते मिळविली गेली, ती ताडून पाहिली गेली. ज्या ओळी मूळच्या नाहीत असे ठरले त्या मुख्य संहितेतून काढल्या. पण काढल्या म्हणजे फेकल्या नाहीत. प्रत्येक नाकारलेली ओळ पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात नोंदून ठेवली. ‘आमचा निर्णय हा असा आहे, तुम्हांला तपासायचा असेल तर हे सारे इथे आहे,’ हा त्यातला प्रामाणिकपणा. मलाही असाच मार्ग सुचला. एक प्रत पाहुण्यांसाठी, चार सेकंद वगळून. एक पूर्ण प्रत ठेवणीतली. मी स्वतःवर खूश झालो.

पण रात्री लक्षात आले की पंडितांच्या आणि माझ्या न्यायात एक फरक आहे. त्यांनी जे खाली उतरविले ते ग्रंथाला उपरे वाटले म्हणून. मी जे खाली उतरवीत होतो ते मला अडचणीचे होते म्हणून. आणि माझ्या घरात पानाचा तळ कोण वाचणार होते?

आमच्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांनाही तरुणपणीच वैधव्य आले, अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गाणी रचीत. त्यांतली काही मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. आज ती गाणी माहीत नाहीत असे मराठी घर नाही. तीही एका रूपातून दुसऱ्या रूपात उतरली, ओठांवरून कागदावर. उतरताना बरेच सांडले असणार. जात्याची घरघर कागदावर आली नाही, आणि जी गाणी टिपलीच गेली नाहीत ती जात्याबरोबरच थांबली. पण जे राहिले ते राहिले, कारण घरातल्या एका लिहित्या माणसाला ते टिपण्याजोगे वाटले. याचा अर्थ मला त्या रात्री थोडा वेगळा लागला. घरातले काय उरते आणि काय जाते, हे लेखणी कुणाच्या हातात आहे यावर ठरते. १९८९ मध्ये कॅमेरा कुठे वळवायचा हे सांगायला मी त्याच्या शेजारी उभा होतो. आणि आता कळ दाबायलाही मीच बसलो होतो. दोन्ही वेळा निर्णय माझ्याच हाती, दोन्ही वेळा विषय आत्या, आणि दोन्ही वेळा तिला विचारलेले नाही!

दुसऱ्या दिवशी मी संगणक घेऊन आत्याकडे गेलो. आता तिला गुडघ्यांमुळे फार हालता येत नाही, पण नजर शाबूत आहे. मी खाली बसलो, संगणक तिच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि हळदीचा प्रसंग लावला. काही बोललो नाही. ते चार सेकंद आले आणि गेले.

“ते मागं दादा दिसले का रे?” ती म्हणाली. “हात जोडून हुबे व्हते. पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावले. खरेच, मागच्या दारात माझे वडील उभे होते. इतक्यांदा पाहूनही मला ते दिसले नव्हते. मी माझ्या हाताकडेच पाहत होतो. तिसऱ्यांदा तिने वाटी ओळखली. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, “आत्या, तुला मागं सारणारा मी होतो. मी इतकी वर्षं काकांचं नाव घेत होतो.”

“काका कुठं व्हते तिथं? ते तं पंगतीत व्हते.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? मग मी सगळ्यांना सांगत होतो तेव्हा बोलली का नाहीस?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुले तसं आठवत व्हतं.”

या वाक्यात क्षमा होती की नुसतीच वस्तुस्थिती होती, मला अजून कळलेले नाही. रागाचा तर त्यात लवलेश नव्हता आणि तेच मला सोसवले नाही. घाईघाईने मी तिला माझा बेत सांगितला. एवढा भाग काढून टाकतो, कुणी पाहणार नाही, तुलाही त्रास नको.

“त्या पुऱ्या कॅसेटमधी मी किती वेळ दिसते?” तिने विचारले.

“चार सेकंद.”

“आन बाकीच्या तीन तासांत?”

“कुठंच नाही.”

“मंग ते काढलं तं त्या लगनात मी नव्हतीच, असंच झालं ना?”

मी घरी येऊन हिशेब केला. सेकंदाला २५ चित्रे. तीन तासांत दोन लाख सत्तर हजार. त्यांतल्या शंभरांत आत्या आहे. फितीच्या मापाने साडेनऊ सेंटिमीटरही नाही, वीतभरसुद्धा नव्हे. जी बाई त्या लग्नासाठी दोन महिने राबली, तिच्या तिथे असण्याचा सगळा पुरावा माझ्या बोटाएवढ्या लांबीच्या गंजावर आहे. आणि तो पुरावा नेमका तिला घालवून देण्याचा आहे. माझी लाज काढून टाकायची तर तिलाही काढून टाकावे लागते. दोन्ही एकाच जागी चिकटलेले आहेत. मी दयेच्या नावाखाली तिला दुसऱ्यांदा ‘पुढे येऊ नको’ म्हणणार होतो.

मला वाटते, हे माझ्या एकट्या घरापुरते नसावे. मागच्या पिढ्यांतले जे लाजिरवाणे असेल ते गाळून स्वच्छ प्रत पुढच्यांच्या हाती द्यावी, असा मोह कुटुंबांना होतो तसा समाजांनाही होतो. आपण म्हणतो, कटू कशाला उगाळा? पण ज्यांना आपण फक्त मागे सारण्यापुरतेच टिपले, त्यांचे दुसरे चित्रच आपल्याजवळ नसते. अन्यायाची नोंद खोडली की अन्याय करणारा सुटतो, हे तर खरेच. पण ज्याच्यावर तो झाला तो माणूसच नाहीसा होतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. करणाऱ्यांची चित्रे काय, दुसरीकडे भरपूर असतात. त्याच फितीत मी एकंदर चाळीस मिनिटे मिरवलो आहे.

काकांचे काय करायचे हा प्रश्न उरलाच आहे. त्यांच्या इतर वागण्यात दोष पुष्कळ होते; पण हा एक त्यांचा नव्हता. सभेत त्यांचे नाव घेतले, तर ते सभेतच परत केले पाहिजे. ते मी अजून केलेले नाही. इथे लिहितो आहे ही त्याची सुरुवात समजतो, फेड समजत नाही.

सातही कॅसेट आता उतरवून झाल्या आहेत. एकही सेकंद गाळलेला नाही, साखरपुड्यावरचे महाभारतसुद्धा नाही. तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या आहेत, कारण संगणकावरचे तरी चिरंजीव कुठे असते? कॅसेटच्या जागी आलेल्या तबकड्या भाचीच्या संगणकात आताच बसत नाहीत. पुढच्या पिढीला हे सारे पुन्हा कशावर तरी उतरवावे लागेल आणि तेव्हा कळेवर बोट दुसऱ्या कुणाचे तरी असेल. भाची म्हणाली, “मामा, आता त्या कॅसेट टाकून द्या.” मी टाकल्या नाहीत. त्यांच्या कडेच्या पट्ट्या एकेक करून मोडल्या, त्या पुन्हा लुगड्यात गुंडाळल्या आणि ट्रंकेत ठेवल्या. आता त्यांच्यावर दुसरे काही भरायला यंत्रच उरलेले नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मोडल्या.

या भाऊबीजेला सगळे बोदवडला जमणार आहेत. ओट्याऐवजी दिवाणखान्यात, पोत्यांऐवजी सतरंजीवर बसून बहिणीचे लग्न पाहायचे ठरले आहे. आत्यासाठी पुढे खुर्ची ठेवायची आहे. हळदीचा प्रसंग साधारण पाऊण तासाने येतो. त्या वेळी चहा आणायच्या निमित्ताने उठून आत जायचे नाही, एवढे मी ठरविले आहे.